पोरीचं नाव कार्डावर नव्हतं

बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यानं हिंडलगा, सुळगा मागे टाकलं की आत डोंगराकडे जी गावं लागतात, त्यांतल्या एका गावचं हे प्रकरण. गावाचं नाव देत नाही, माणसांचीही नाही. भात, रताळी आणि काजू पिकवणारं गाव. घरटी एक माणूस बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत. शिनोळी ओलांडली की महाराष्ट्र, तालुका चंदगड. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्ये राज्याची हद्द आली, सोयरिकी मात्र थांबल्या नाहीत. आमच्या आळीत निम्म्या सुना चंदगडकडच्या आहेत.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. नोकरी मराठी शाळेत झाली, पण कन्नड वाचता-लिहिता येतं. एवढ्याच भांडवलावर लोक माझ्याकडे कागद घेऊन येतात. सात-बाराचा उतारा, बँकेची नोटीस, लाइट बिल, काहीही. २०२३ च्या श्रावणात असाच एक कागद आला. तो अंगणवाडीतल्या आरोग्य तपासणीचा होता. आजी घेऊन आली होती, कडेवर नात.

पोरीचं वय दोन वर्षं दोन महिने, वजन ७ किलो ९००. त्या वयाचं मूल साधारण अकरा-बारा किलोचं असतं. दूध पिताना कपाळावर घाम यायचा, दोनदा न्यूमोनिया होऊन गेला होता, चार पावलं चालली की बसायची. घरात सगळ्यांनी ‘अशक्त हाय, रडकी हाय’ म्हणून सोडून दिलं होतं. तपासणीच्या गाडीतल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, काढली, बाकीच्या पोरांना लांब खेळायला पाठवलं आणि परत लावली. म्हणाल्या, हिच्या काळजात आवाज येतोय, बेळगावला न्या.

आजीनं मला विचारलं, “काळजात आवाज तर येणारच की ओ गुरुजी. नाही आला तर माणूस जगणार कसं?”

ही गाडी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. २०१३ च्या फेब्रुवारीत तो महाराष्ट्रात पालघरला सुरू झाला आणि मग देशभर गेला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा. जन्मतः असलेले दोष, आजार, जीवनसत्त्वं वगैरेंची कमतरता आणि वाढीतला उशीर या चार गोष्टी शोधायच्या. दर हजार जन्मांमागे आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही जन्मदोष असतो. त्यातले बरेच खेडोपाडी याच नळीखाली सापडतात. या कार्यक्रमाबद्दल पुढे कुणी काही म्हणो, या प्रकरणात पहिलं आणि सगळ्यात नेमकं काम त्याच डॉक्टरीण बाईंनी केलं, अंगणवाडीच्या ओसरीवर बसून.

सप्टेंबरात इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला ७ मिलिमीटरचं भोक. डॉक्टरांनी कागदावर चौकोन काढून मुलीच्या बापाला समजावलं. शुद्ध रक्त परत फुप्फुसाकडे ढकललं जातं, फुप्फुसं कायम ओली राहतात, म्हणून न्यूमोनिया, म्हणून वजन नाही. लघवी होण्याचं औषध दिलं. वजन नऊच्या पुढे न्या, सहा महिन्यांत ऑपरेशन करून घ्या, असं लिहून दिलं. फार वर्षं तसंच ठेवलं तर फुप्फुसातला दाब चढतो आणि मग भोक बुजवूनही उपयोग राहत नाही, हेही सांगितलं. एका खाजगी दवाखान्यात विचारलं तर खर्चाचा अंदाज २ लाख ६० हजार. बापाचा फौंड्रीतला रोज ५२० रुपये.

“पण आमचं बीपीएल कार्ड हाय की,” तो म्हणाला. तेव्हा मीही निर्धास्त होतो.

शंभरातले तीस

कर्नाटकात ‘आरोग्य कर्नाटक’ २ मार्च २०१८ ला सुरू झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर केंद्राच्या ‘आयुष्मान भारत’मध्ये मिसळली. वाजपेयी आरोग्यश्री, राजीव आरोग्य भाग्य अशा जुन्या योजना आणि बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या मोठ्या शस्त्रक्रियांचा खर्चही त्याच पोटात गेला. गाडी आजार शोधून देते, पण ऑपरेशनचे पैसे याच एका खिडकीतून येतात. लोक याला विमा म्हणतात. खरं तर कुठल्या कंपनीला इथे हप्ता जात नाही. सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्ट नावाची सरकारी संस्था आहे, ती राज्याच्या तिजोरीतून दवाखान्याला ठरलेल्या दरानं पैसे देते.

नियम दोन ओळींचा आहे. रेशनच्या बीपीएल किंवा अंत्योदय कार्डावरच्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत पूर्ण मोफत. ज्याचं नाव तशा कार्डावर नाही तो ‘सर्वसाधारण’ रुग्ण, त्याच्यासाठी सरकार पॅकेजच्या, म्हणजे त्या ठरलेल्या दराच्या, फक्त तीस टक्के देणार, तेही कुटुंबाला वर्षाला दीड लाखाच्या आत. शंभर रुपयांचं पॅकेज असेल तर तीस सरकारचे आणि सत्तर तुमचे.

दवाखान्यात योजनेचे कागद बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलापाशी मी स्वतः उभा होतो. त्यानं कार्डाचा नंबर टाकला. पडद्यावर चार नावं आली. आजी, आजोबा, बाप, चुलता. त्यानं पडदा आमच्याकडे वळवला आणि विचारलं, “मुलगी कुठाय?”

मुलगी बापाच्या खांद्यावर झोपली होती.

कार्डावर तिची आईही नव्हती. लग्नाला चार वर्षं झाली तरी आईचं नाव चंदगड तालुक्यातल्या माहेरच्या केशरी कार्डावर होतं. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं, त्यामुळे जन्माचा दाखला महाराष्ट्राचा. त्या दाखल्यावर नावाचा रकाना कोरा, कारण नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं आणि बारशानंतर परत कोण जातं? मुलीचं आधार काढलेलं नव्हतं. आईच्या आधारवर पत्ता माहेरचा. म्हणजे बाप कर्नाटकचा, आई कागदावर महाराष्ट्राची, आणि पोरगी कुठल्याच यादीत नाही.

आरोग्यमित्रानं ‘सर्वसाधारण’वर बोट ठेवलं. त्याचं काही चुकलं नव्हतं.

तांदळाची यादी

हे सगळं चार वर्षं का राहिलं? आळस हे उत्तर सोपं आहे आणि शहरातली माणसं ते लगेच देतात. मी या घरी महिनाभर जात-येत होतो, मला दुसरं काही दिसलं.

मुलीच्या मामाला नाव कमी करायला सांगितलं तेव्हा तो पहिलं वाक्य हे बोलला: “एक माणूस कमी झालं की पाच किलो कमी.” अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य आहे. सासरी गेलेली बहीण चार वर्षं तिकडच्या कार्डावर पाच किलो खात होती, असं म्हणा. त्याला मी दोष देणार नाही, त्याच्याकडे दीड एकर काजूची बाग आहे आणि तीन पोरं.

इकडे आजीची भीती वेगळी. त्याच ऑगस्टात कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार सुरू झाले होते. कार्डावर जी बाई कुटुंबप्रमुख तिच्या खात्यात पैसे. आमच्या आळीत बातमी पसरली होती की सुनेचं नाव चढवलं की संगणक प्रमुख बदलतो आणि पैसे थांबतात. बातमी खोटी होती. पण आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर महिन्याला दोन हजार बघणाऱ्या बाईला ते पटवायला मला आठ दिवस लागले. “कार्डाला हात लावू नकासा गुरुजी, काय तरी बिघडतंय,” एवढंच ती म्हणत राहिली.

आणि सरकारची बाजू. नवं नाव चढलं की केंद्राचे पाच किलो, त्यावर अन्नभाग्य या राज्याच्या योजनेत आणखी पाच किलो, आणि त्या वर्षी तांदूळ मिळेना म्हणून त्या पाच किलोंच्या बदल्यात माणशी १७० रुपये थेट खात्यात. म्हणून अन्न खातं नावं चढवण्याची सोय बारमाही उघडी ठेवत नाही. मध्येच काही दिवसांपुरती उघडते, गर्दी होते, सर्व्हर बसतो, बंद होते. खजिन्याच्या नजरेनं ते समजण्यासारखं आहे. एकेक नाव दर महिन्याचा, कायमचा खर्च आहे.

आता याच नावाकडे आरोग्याच्या हिशेबानं बघा. केंद्र आयुष्मानमध्ये आपला वाटा देतं तो २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेत बसलेल्या कुटुंबांच्या संख्येवर, साठ-चाळीसच्या प्रमाणात. घरात चार माणसं असोत की सहा, केंद्राचा आकडा हलत नाही. कर्नाटकानं त्या यादीबाहेरची, रेशन कार्डवाली लाखो कुटुंबं स्वतःच्या पैशानं आत घेतली आहेत. म्हणून राज्य म्हणतं की प्रत्यक्षात ६६ टक्के भार आमचा, ३४ केंद्राचा. या ६६ टक्क्यांतही मुलीचं नाव चढल्यानं एक रुपया वाढत नाही. ती आजारी पडली आणि मोठं ऑपरेशन लागलं तरच खर्च होणार. महाराष्ट्रानं २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी सुरू केली तेव्हा विमा कंपनीला दर कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये हप्ता ठरला होता. तोही कुटुंबामागे, माणसामागे नाही.

म्हणजे आरोग्याच्या बाजूनं मूल चढवून घ्यायला कुणाचीच हरकत असण्याचं कारण नाही. दार अडतं ते तांदळाच्या बाजूनं. आणि दार एकच ठेवलंय. सहा महिन्यांची मुदत असलेल्या काळजाला तांदळाच्या रांगेत उभं केलं आहे, ही माझी या प्रकरणातली मुख्य तक्रार. रांगेतल्या कुठल्याच माणसाविरुद्ध नाही.

दुसरी दारं

आम्ही बाकीची दारंही ठोठावली. फौंड्रीत पगार बसेल तेवढा असला आणि कामगारांची संख्या पुरेशी असली तर ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू होतं, त्यात बायको-पोरं आपोआप येतात. बापाला पगाराची चिठ्ठी आणायला सांगितली. तो ठेकेदाराकडून साध्या वहीचं पान घेऊन आला. त्यावर हजेरी, ॲडव्हान्स आणि उरलेले पैसे. ईएसआयचा रकानाच नव्हता.

आजोबा गावच्या सोसायटीचे सभासद. सहकारातल्या लोकांसाठीची यशस्विनी योजना बंद पडून २०२३ च्या जानेवारीपासून परत सुरू झाली होती, खेड्यातल्या चार माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ५०० रुपये. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं, यंदाची नोंदणी संपली, पुढच्या वर्षी या. पाचशे रुपये भरले नव्हते, कारण त्या वेळी घरात कुणी आजारी नव्हतं.

गोव्याला बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात न्या, असंही एक जण म्हणाला. आमच्या भागातून, विशेषतः खानापुराकडून लोक पूर्वी बिनधास्त जायचे. पण २०१८ पासून तिथे बाहेरच्या रुग्णांना शुल्क लागतं.

राहिला महाराष्ट्र. इथे घरात खरं भांडण झालं.

महाराष्ट्रानं २०२३ साली महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं. आमचं गाव त्या ८६५ मध्ये आहे. कर्नाटकानं हरकत घेतली, दोन्हीकडच्या पुढाऱ्यांची वक्तव्यं झाली, पेपरात रोज रकाने भरले. आजोबा जुने सीमासत्याग्रही. तरुणपणी लाठ्या खाल्लेले. त्यांना वाटलं, हेच ते. आयुष्यभर ज्याच्यासाठी भांडलो ते राज्य आपल्या नातीचं ऑपरेशन करतंय. त्यांनी जुना कोट काढून ठेवला होता कोल्हापूरला जायला.

मामानं वेगळा रस्ता काढला. बहिणीचं नाव आमच्या कार्डावर आहेच, पोरीचंही इथंच चढवू, इथलीच म्हणून दाखवू. कोल्हापुरात ऑपरेशन, खर्च महाराष्ट्राचा. त्याच्या ओळखीचा एक जण हे ‘करून देतो’ म्हणत होता. पंधराशे रुपयांत.

मी आजोबांना विचारलं, सीमाभागाच्या योजनेतून या आठवड्यात कुणाचं ऑपरेशन झालेलं तुम्हाला माहीत आहे का? ते गप्प बसले. मामाला विचारलं, उद्या इकडच्या कार्डावर नाव चढवताना आधार दोन्ही राज्यांत दिसलं तर काय? तोही गप्प. बाप एवढा वेळ उंबऱ्यावर बसून होता. म्हणाला, “पैसे कुठल्या का सरकारचे असेनात. पण पुढचं औषध, पुढची तपासणी इथंच करायची हाय न्हवं? मग कागद इथलेच करूया.”

आजोबा उठून रताळ्याच्या शेताकडे गेले. कोट दोन दिवस खुंटीवरच होता.

माझं मत विचाराल तर, ती ८६५ गावांची योजना ज्यांना उपयोगी पडली त्यांच्या मी विरोधात नाही. पण आमच्यासारख्या घराला एक वाटतं आणि घडतं दुसरं. दोन राज्यं आपल्यावर हक्क सांगतात म्हणजे दोन छत्र्या मिळाल्या, असं वाटतं. त्या मुलीच्या बाबतीत तरी दोन्ही छत्र्यांची मूठ रेशन कार्डच होती, आणि तिच्या हातात एकही नव्हती.

‘ज्ञ’

कामाला लागलो ते ऑक्टोबरात. आधी चंदगडला जन्माच्या दाखल्यावर नाव घालणं. वर्षाच्या आत गेलं तर फुकट असतं, नंतर विलंब शुल्क. ते एका फेरीत झालं. मग तहसीलच्या पुरवठा शाखेत आईचं नाव कमी करणं. कार्ड तिच्या वडिलांच्या नावावर, ते गुडघेदुखीनं अंथरुणात, त्यांना गाडी करून न्यावं लागलं. तीन फेऱ्या. नाव कमी केल्याचा दाखला हातात पडला त्या दिवशी मामानंच चहा पाजला, हे नोंदवून ठेवतो.

मग आईच्या आधारवरचा पत्ता. नवऱ्याच्या पत्त्यावर बदलायचा तर नात्याचा पुरावा हवा. लग्न नोंदवलेलं नव्हतं. सब-रजिस्ट्रारकडे लग्नाची पत्रिका, मंडपातला फोटो आणि साक्षीदार घेऊन गेलो. पत्रिकेवर ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ आणि खाली कुलदैवतांची अख्खी रांग. कारकून कन्नड, सज्जन माणूस, मला म्हणाला तुम्हीच वाचा आणि सांगा. मी वाचलं, त्यानं टाइप केलं.

तिथेच ती चूक घडली. ती कळली महिन्यानं.

मुलीच्या बापाचं नाव ‘ज्ञ’नं सुरू होतं. आपण मराठी माणसं ज्ञ म्हणताना ‘द्न्य’ म्हणतो, म्हणून आधारवर इंग्रजीत डी-एन-वाय. कन्नडात तेच अक्षर ज आणि ञ यांचं, म्हणून कन्नड माणूस ते इंग्रजीत जे-एन लिहितो. रेशन कार्ड अन्न खात्यानं बनवलेलं, त्यावर जे-एन. लग्नाच्या दाखल्यावर कारकुनानं सवयीनं जे-एन. जन्माचा दाखला महाराष्ट्राचा, त्यावर डी-एन-वाय. एकच माणूस, त्याच्या पोरीचा बाप म्हणून दोन वेगळी माणसं. आधारनं लग्नाचा दाखला नाकारला, कारण नवऱ्याचं नाव जुळत नाही. मी आयुष्यभर फळ्यावर बाराखडी शिकवली, ज्ञ कधी इतका महाग पडेल असं वाटलं नव्हतं.

शेवटी प्रतिज्ञापत्र केलं की ही दोन्ही नावं एकाच माणसाची. लग्नाचा दाखला दुरुस्त झाला. आईचा पत्ता बदलला. मग मुलीचं निळं आधार निघालं. पाच वर्षांखालच्या मुलांना बोटांचे ठसे लागत नाहीत, फोटो पुरतो. फोटोत ती डोळे मिटून आहे.

डिसेंबरात तिसरा न्यूमोनिया झाला. रात्री अकराला श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. रिक्षातून बेळगाव. सात दिवस सरकारी दवाखान्यात, ऑक्सिजनवर. वजन जेमतेम साडेआठला नेलं होतं ते परत आठवर आलं. मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं, आता तातडीचं म्हणून ऑपरेशन होणार नाही का? एरवी खाजगी दवाखान्यात जायला आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते, पण तातडीच्या यादीतल्या आजारांना ती लागत नाही, थेट दाखल होता येतं, हे मी वाचलं होतं. ते म्हणाले, न्यूमोनिया तातडीचा, भोक तातडीचं नाही, आणि न्यूमोनिया असताना तर ऑपरेशन करताच येत नाही. शिवाय तातडीचं असलं तरी सर्वसाधारण रुग्ण तो सर्वसाधारणच. आई पलंगाशेजारी खाली बसून होती. तिनं आमचं बोलणं ऐकलं आणि पदराच्या गाठीतून रेशन कार्डाची झेरॉक्स काढून परत नीट घडी घालून ठेवली. का काढली, तिलाही सांगता आलं नसतं.

फेब्रुवारीत नावं चढवण्याची सोय उघडली. ग्राम-वन या सरकारी सेवा केंद्रासमोर सकाळी सातपासून रांग. पहिला दिवस, ‘सर्व्हर इल्ला’, सर्व्हर नाही. दुसरा दिवस, दुपारी तीनला आजीचा अंगठा उठेना. भात लावून, भांडी घासून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या. “नाळे बर्री,” उद्या या. तिसऱ्या दिवशी मी तिला रात्री बोटांना खोबरेल लावून ठेवायला सांगितलं होतं. त्यानं खरंच फरक पडतो की नाही, मी सांगू शकत नाही, पण चौथ्यांदा टेकवल्यावर अंगठा उठला. पंधरा दिवसांनी मंजुरी. कार्डावर सहा नावं.

त्यानंतरचं सगळं झटपट झालं. सरकारी दवाखान्याची चिठ्ठी, जिच्यावरून लोक इतकं बोलतात, ती एका सकाळीत मिळाली. ऑपरेशन करणाऱ्या दवाखान्यानं कागद ट्रस्टकडे चढवले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंजुरी आली. पैसे मंजूर व्हायला दोन दिवस, मुलगी या घरची आहे हे कागदावर यायला पाच महिने. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, पोर नऊ किलोला टेकली तेव्हा, ऑपरेशन झालं. साडेतीन तास. आजोबा कोट घालून आले होते.

वहीतला हिशेब

ऑपरेशनचा एक रुपयाही घरच्यांनी दिला नाही, हे आधी स्पष्ट लिहितो, कारण पुढचा आकडा वाचून कुणी योजना फसवी म्हणेल. मी वहीत मांडत गेलो होतो. खाजगीत दोनदा इको, ३,६००. गाडीभाडं, चंदगड-बेळगाव मिळून, ६,२००. बापाचे सत्तावीस रोज बुडाले, १४,०४०. डिसेंबरात बाहेरून आणलेली औषधं, २,९००. ऑपरेशनच्या वेळी सोबतच्या दोघांचं खाणं-राहणं, ३,४००. स्टँप, प्रतिज्ञापत्र, झेरॉक्स, केंद्रांचे चार्ज, १,९५०. एकूण ३२,०९०. सगळ्यात मोठा आकडा बुडालेल्या रोजांचा, आणि त्यातले एकोणीस रोज कागदांसाठी गेले, दवाखान्यासाठी आठ. कुठल्याही योजनेच्या अहवालात हा रकाना मी पाहिलेला नाही.

पॅकेजमध्ये घरी सोडल्यानंतर पंधरा दिवसांची औषधं येतात. सहा महिन्यांनी करायचा इको त्यात नाही. तो सरकारी दवाखान्यात केला, अर्धा दिवस रांगेत बसून. भोक पूर्ण बुजलंय.

अंगणवाडीच्या बाईंना मी एक काम सांगितलं आणि त्यांनी ते केलं. पट आणला, आणि शेजारी रेशन कार्डांच्या झेरॉक्स. पटावर चौतीस मुलं. कार्डावर नाव नसलेली अकरा. त्यांतल्या सात जणांच्या आया चंदगडकडच्या. अकरातलं एकही आजारी नाही, म्हणून कुणाला घाई नाही. बाईंनी ती यादी भिंतीवर लावलेली नाही, कपाटात ठेवली आहे, कारण भिंतीवर लावली तर लोक म्हणतात आमचा तांदूळ मोजायला लागलाय.

एप्रिलात रेशन दुकानात मी रांगेत आजीच्या मागे होतो. दुकानदारानं मशीनवर अंगठा घेतला, या वेळी पहिल्याच खेपेला उठला. “सहा माणसं, तीस किलो,” तो म्हणाला. गेल्या महिन्यापर्यंत वीस होते. दोन हजारही थांबले नव्हते. पोतं उतरवून काटा मोकळा झाला तशी आजीनं कडेवरची नात त्यावर उभी केली. दुकानदार ओरडला, आजी, तांदळाचा काटा आहे हो. मागची रांग हसायला लागली. पोरगी हलत होती म्हणून आकडा स्थिर होईना. मग झाला. नऊ किलो आठशे.